लांबोबाची सात बटणं

मित्रांनो, आधी पोटभर हसून घ्या. मी कोण आहे हे कळल्यावर तुम्ही हसणारच, आणि मधेच फिदीफिदी सुरू झालं की माझं सांगणं तुटतं. तर ऐका. मी एक जुनं, कापडी, अगदी माणसाच्या मापाचं आतडं आहे.

झालं हसून? आता नीट बसा.

रुग्णालयातल्या सात नंबरच्या खोलीत, दाराजवळच्या खुंटीवर मी टांगलेला असतो. रंग बराच उडालाय. एका वळणावर चहाचा डाग आहे, तो एका डॉक्टरांच्या कपातला. दोन ठिकाणी ठिगळं आहेत, त्यांची गोष्ट पुढे येईल. माझं नाव लांबोबा. ज्यांनी मला शिवलं त्यांनीच ते ठेवलं, आणि आता रिपोर्ट घेऊन येणारे लोकसुद्धा खुंटीकडे बघून म्हणतात, "काय लांबोबा, बरं आहे ना?" मी बरा आहे. पण मधे एक काळ असा होता की माझ्यामुळे एक चांगला माणूस मरायला टेकला होता. ते मी लपवणार नाही.

सात नंबरच्या खोलीत पोटाच्या जुन्या दुखण्याचे पेशंट येतात. हे दुखणं मुक्कामालाच येतं. आतड्याला आतून सूज येते, जखमा होतात, दिवसातून दहा-दहा वेळा संडासला पळावं लागतं, रक्त पडतं आणि माणूस वाळत जातो. ते मुळापासून जात नाही, पण रोजच्या औषधाने ताब्यात राहतं आणि माणूस चारचौघांसारखा जगतो. एवढंच पेशंटच्या डोक्यात शिरावं म्हणून त्या खोलीतल्या सिस्टर जिवाचं रान करायच्या. केसांत पेन खोवलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि आवाज असा की बाहेरच्या बाकावरची माणसंही सरळ बसायची.

त्या वेळी त्यांच्याकडे एक छापील पत्रक होतं. त्यावर आतड्याचं चित्र. एका सुतारकाकांनी ते उलटं धरलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कळलं." एका आजींनी त्याची चौपदरी घडी घातली, डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सरकवली आणि स्टूल हलायचं थांबलं म्हणून समाधानाने बसल्या. सिस्टर त्या दिवशी पत्रकांचा गठ्ठा ठेवून तरातरा तळमजल्यावरच्या शिवणखोलीत गेल्या.

शिवणखोलीत एक मावशी होत्या. रुग्णालयातल्या फाटलेल्या चादरी, पडदे, पेशंटचे अंगरखे सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं.

"मावशी, मला एक आतडं शिवून द्या."

मावशींनी मशीनचं चाक हाताने थांबवलं. "काय शिवून देऊ?"

"आतडं. खऱ्या मापाचं."

"अगं बाई! झबली शिवली, पडदे शिवले, डॉक्टरांच्या फाटलेल्या पँटी शिवल्या. आतडं नाही गं शिवलं कुणाचं आजवर. लांबी काय घ्यायची?"

"लहान आतडं वीस फूट आणि मोठं पाच फूट."

मावशींनी टेप गळ्यातून काढली, हवेतच मापून बघितली. "वीस फुटांचं ते लहान आणि पाच फुटांचं ते मोठं? नाव ठेवणारा शाळेत गेला होता का?"

"रुंदीवरून म्हणतात, मावशी."

"मग तसं सांग ना. घेर किती ठेवू?"

असा माझा जन्म झाला. लहान आतडं उशीच्या जुन्या अभ्र्यांचं, मोठं आतडं विटलेल्या ब्लँकेटचं. गुलाबी रंगात बुडवून मला गच्चीत वाळत घातलं तेव्हा समोरच्या इमारतीतली माणसं खिडकीत येऊन बघत होती. आत कापूस भरला. आणि सिस्टरच्या सांगण्यावरून मावशींनी लाल फ्लॅनेलचा एक हातभर तुकडा वेगळा शिवला. तो टिचबटणांनी माझ्या मोठ्या आतड्यावर बसायचा. टिच, टिच, टिच. बसवला की मी आजारी, काढला की मी बरा.

पहिल्या दिवशी मला टेबलावर उलगडलं तर मी दाराबाहेर व्हरांड्यात पोचलो. पलीकडून डॉक्टर आले, अडखळले आणि म्हणाले, "ही कुणाची गादी उसवली?" मावशी मागे उभ्या होत्या. "गादी कसली, लांबोबा आहे आमचा. पाय सांभाळून टाका." तेव्हापासून हेच नाव पडलं.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षं माझ्या भरभराटीची होती. पेशंट आला की सिस्टर मला टेबलावर ठेवायच्या आणि त्याचा हात धरून माझ्यावरून फिरवायच्या. अन्न इथून येतं, इथे पाणी शोषलं जातं, तुमची सूज इथे आहे. माणसं आपल्याच पोटाला पहिल्यांदा हात लावत असल्यासारखी गप्प व्हायची. त्याआधी मात्र बोलतं करायलाच वेळ लागायचा. धिप्पाड गडी खुर्चीत आक्रसून बसायचे आणि म्हणायचे, "सिस्टर, मला ते... तसं होतं." मग सिस्टरचा आवाज चढायचा. "तसं म्हणजे कसं? या खोलीत संडासला संडास म्हणायचं. मी म्हणते, डॉक्टर म्हणतात, आणि हा लांबोबा तर दुसरं काम करतच नाही." माणूस हसायचा आणि मग घडाघडा बोलायला लागायचा.

दुसऱ्या रुग्णालयांतून लोक मला बघायला आले. माझे फोटो निघाले. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू? वाटायचं, मी आहे म्हणून ही माणसं शहाणी होऊन घरी जातात. सिस्टर शेवटी विचारायच्या, "समजलं ना?" आणि प्रत्येक माणूस मान डोलवायचा. एकही माणूस कधी "नाही" म्हणाला नाही. तिथेच मला शंका यायला हवी होती. पण गर्वाने मीही फुगलो होतो.

मग ड्रायव्हरदादा आले.

ते शहराची बस चालवायचे. खुर्चीत बसले तेही गाडीत बसल्यासारखे, पाठ सरळ, दोन्ही हात पुढे. बरोबर त्यांची बायको होती. सिस्टर तिला वहिनी म्हणायला लागल्या, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू. दादांच्या मोठ्या आतड्याला सूज होती आणि दीड वर्ष त्यांनी ती घरच्यांपासूनही लपवली होती.

"सिस्टर, माझ्या रूटवर एकवीस स्टॉप आहेत," ते म्हणाले. "त्यातल्या किती ठिकाणी संडास आहे, विचारा."

"किती?"

"चार. आणि एकाला कडी नाही."

म्हणून ते ड्यूटीच्या आदल्या दुपारनंतर काही खायचेच नाहीत. उपाशी पोटी बस चालवायचे. तरीही एकदा रस्त्यातच गाडी उभी करून त्यांना पळावं लागलं. परत आले तर अख्खी बस त्यांच्याकडे बघत होती, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "काय ड्रायव्हर, झालं का मोकळं?" सगळे हसले. हे सांगून दादांनी पुढे धरलेले हात मांडीवर घेतले. "एकोणीस वर्षं त्या सीटवर बसतोय. त्या दिवशी पहिल्यांदा तिथे बसायची लाज वाटली. सिस्टर, काय वाटेल ते करा, मला माझी सीट सोडायची नाही."

वहिनी पदराशी चाळा करत होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "माझ्या हातचं खाऊनच झालं असेल का हो हे? मी तिखट जरा जास्तच घालते."

"मुळीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "हे तुमच्या स्वयंपाकाने झालेलं नाही आणि त्यांच्या कुठल्या पापानेही झालेलं नाही. कुणाला लागतही नाही. एका ताटात जेवा खुशाल." वहिनींनी तिथेच डोळे पुसले. दुखणं कळल्यापासूनचं ओझं त्यांच्या छातीवरून उतरलं असावं.

दादांनी औषध नेमाने घेतलं. दुखणं मागे हटलं, वजन वाढलं, ते पोटभर जेवून ड्यूटीवर जायला लागले. काही महिन्यांनी दुर्बिणीने आतून तपासलं तर सूज नव्हती. त्या दिवशी सिस्टर इतक्या खूश झाल्या की त्यांनी माझ्यावरचा लाल तुकडा उपटलाच. टिच, टिच, टिच. "हा घ्या दादा, निशाणी म्हणून ठेवा. आता आत लाल नाही." आणि लगेच पुढे म्हणाल्या, "गोळ्या मात्र चालू ठेवायच्या हं. समजलं ना?"

"समजलं, सिस्टर." मान डोलली.

मित्रांनो, इथे घात झाला. तोंडाने सिस्टर एक सांगत होत्या आणि मी टेबलावर पडल्या पडल्या दुसरंच दाखवत होतो. मी स्वच्छ, गुलाबी, लाल रंगाचा ठिपकाही नाही. आजार दादांच्या हातात. त्यांनी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला आणि घरी गेले. मला तर तेव्हा टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या.

सात महिन्यांनी ते चाकाच्या खुर्चीतून आले. मी त्यांना आधी ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, शर्ट खांद्यावर लोंबत होता. वहिनी खुर्ची ढकलत होत्या. दादांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत तो लाल तुकडा होता, नीट घडी घातलेला.

"सिस्टर, तुकडा तर माझ्याकडेच आहे. हरवला नाही मी. मग आत परत लाल कुठून आलं?"

मग सिस्टरनी हळूच विचारलं, "गोळ्या?"

"तुकडा घरी नेला तेव्हाच त्या बंद केल्या. लाल तुमच्यासमोर निघालं, मग औषध घ्यायचं कशावर? आणि पहिले तीन महिने काही म्हणजे काही झालं नाही, सिस्टर. उलट मस्त होतो. तेव्हा वाटलं, बरोबरच केलं आपण."

तुमच्यापैकी कुणाला वाटेल, काय खुळा माणूस! खबरदार असं म्हणाल तर. जो माणूस एकवीस स्टॉप आणि गर्दीची वेळ डोक्यात ठेवून पन्नास माणसांना रोज सुखरूप पोचवतो, तो खुळा नसतो. त्याने जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला. आणि जे पाहिलं ते माझ्या अंगावर पाहिलं. मला त्या क्षणी स्वतःला उसवून घ्यावंसं वाटलं. इतकी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

सिस्टर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. "दादा, चूक तुमची नाही. माझी आहे, आणि ह्याची." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आधी तुम्हाला उभं करू. मग ह्याला."

दादांना वॉर्डात दाखल केलं. डॉक्टरांनी आडवळण न घेता सांगितलं. शिरेतून औषध सुरू करतो. तीन दिवस बघू. उतार पडला तर ठीक, नाहीतर आणखी जोराचं औषध, आणि त्यानेही नाही भागलं तर मोठं आतडं काढावं लागेल.

"काढलं तर माणूस जगतो?" वहिनींनी विचारलं.

"छान जगतो. आमच्या एक पेशंट शाळेत कवायत शिकवतात. पोटावर संडास जमा करायची पिशवी आहे, मुलांना कळतसुद्धा नाही. ऑपरेशनला घाबरायचं नाही. पण टळत असेल तर टाळायला मलाही आवडेल."

दादांनी मान हलवली. "लागलं तर कापा. पण त्याआधी तीन दिवस मी लढणार." मग पुढे म्हणाले, "आणि सिस्टर, तोपर्यंत त्या लांबोबाला इथे आणा. त्याचं काय चुकलं ते मला कळलंय."

तर मित्रांनो, ते तीन दिवस मी दादांच्या पायाशी, पलंगावर होतो. दुपारच्या सुट्टीत मावशी सुया, दोरा आणि कात्री घेऊन वर यायच्या. सिस्टर ड्यूटी संपवून यायच्या. दादांच्या हाताला सलाईन, तोंडाला कोरड, दर थोड्या वेळाने संडासला जायचं आणि परत येऊन भिंतीला टेकून बसायचं. पहिल्या दिवशी चौदा वेळा. वहिनी एका कागदावर रेघा मारून ठेवत होत्या.

"टिचबटण नको," दादा म्हणाले. "ते निघतं. लाल आतच शिवा. पक्कं. कुणी ओढलं तरी निघायला नको."

"मग बरं झालेलं दाखवायचं कसं?" मावशींनी विचारलं.

"वरून झाका. गुलाबी झडप लावा."

"आणि झडप राहील कशाने?"

उत्तर वहिनींनी दिलं. त्या एवढा वेळ दादांच्या शर्टाचं बटण लावत होत्या, सलाईनमुळे त्यांना एका हाताने लावता येत नव्हतं. "बटणांनी. साधी काजाची बटणं लावा. रोजचं औषध म्हणजे रोजचं एक बटण. सात दिवसांची सात."

सिस्टर वहिनींकडे बघतच राहिल्या. "वहिनी, इतकी वर्षं कुठे होता हो तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी मावशींनी माझं मोठं आतडं उसवलं. दुखलं का, विचाराल तर हो, दुखलं. पण मी निमूट पडून राहिलो. ते मला सोसायलाच हवं होतं. आत लाल अस्तर बसलं, हातशिलाईने, बारीक टाक्यांनी. त्यावर गुलाबी झडप आली. पण झडप पहिलं बटण काढताच खाली पडायला लागली, तेव्हा दादा नाही म्हणाले. "असं होत नाही. लगेच काही होत नाही, तिथेच तर माणूस फसतो." मावशींनी थोडा विचार केला, शिवणखोलीत जाऊन आल्या आणि झडपेत शर्टाच्या कॉलरीला घालतात ते ताठ बकरम घातलं. वहिनींच्या कागदावर त्या दिवशी अकरा रेघा होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादांनी स्वतः माझी बटणं काढून पाहिली. एक काढलं, झडप जागच्या जागी. दुसरं काढलं, तशीच. तिसरं काढलं, तरी तशीच ताठ, जणू काही झालंच नाही. माझं मलासुद्धा काही जाणवलं नाही, शप्पथ! चौथ्याला एक कोपरा किंचित वळला. पाचवं काढलं आणि झडप लुळी पडून खाली आली. आतलं लाल सगळं उघडं पडलं.

दादांनी त्या लाल अस्तरावर हात ठेवला. "हेच. ही पहिली तीन बटणं म्हणजे माझे ते मस्त तीन महिने." मग त्यांना रडू आलं. वहिनीही रडल्या. सिस्टर खिडकीकडे तोंड करून चष्मा पुसत बसल्या, तो कितीतरी वेळ पुसतच होत्या.

"पण दादा," त्या मागे न वळता म्हणाल्या, "बटण म्हणजे दिवस किंवा महिना असं मोजू नका. कुणाचं महिन्यात उघडं पडतं, कुणाचं वर्षात. वरून दिसो न दिसो, बटणं निघत असतात एवढं मात्र खरं."

दुपारी डॉक्टर आले. रक्ताचे रिपोर्ट पाहिले, पोट दाबून पाहिलं, वहिनींचा कागद मागितला. त्या दिवशीच्या रेघा फक्त तीन होत्या. डॉक्टरांनी कागद परत दिला. "ऑपरेशनची आता गरज दिसत नाही. औषध लागू पडलंय." वहिनींनी मला मांडीवर घेतलं आणि एकेक करत सातही बटणं लावली. शेवटचं लावताना त्यांच्या बोटांना काज सापडत नव्हतं.

घरी जाताना सिस्टरनी लाल तुकडा परत मागितला. दादांनी दिला नाही. "तो माझ्याकडेच राहू दे. पण खिशात नाही. गोळ्यांच्या डबीत."

चार महिन्यांनी ते खाकी कपड्यांत, ड्यूटीवर जाता जाता, नुसतं दाखवायला आले. कुणी काही विचारण्याआधीच म्हणाले, "जेवून निघालोय."

त्या दिवसापासून सात नंबरच्या खोलीत "समजलं ना?" हा प्रश्न बंद झाला. सिस्टर मला पेशंटच्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही मला शिकवा. समजा मी तुमची धाकटी बहीण, मला काही कळत नाही. सांगा." आणि मित्रांनो, काय गंमत! आधी घडाघड मान डोलवणारी माणसं इथे अडखळायची. जिथे अडखळायची, तिथेच कळलेलं नसायचं. सिस्टर फक्त तेवढंच पुन्हा सांगायच्या. पाव भाजणारे एक काका म्हणाले, "म्हणजे भट्टी विझली तरी राखेत निखारा असतो, तसं. हात घालायचा नाही." सिस्टर म्हणाल्या, "पास."

पण चांगले दिवस कायम राहत नाहीत. सिस्टर निवृत्त झाल्या. मावशी तर त्याआधीच घरी बसल्या होत्या, त्यांना सुईत दोरा ओवता येईना. खोलीत भिंतीवर मोठा पडदा आला, त्यावर रंगीत चित्रफीत चालायची. नव्या सिस्टर कष्टाळू होत्या, वाईट अजिबात नव्हत्या. त्यांना माझी ओळखच नव्हती. कुणीतरी मला पिशवीत कोंबलं आणि कपाटात, फायलींच्या खाली ठेवलं. दोन वर्षं. उंदराने माझ्या लहान आतड्याला दोन भोकं पाडली. खरं आतडं असतं तर अख्खं रुग्णालय धावलं असतं, माझ्याकडे कोण बघतंय! कपाटातून मला चित्रफितीचा आवाज ऐकू यायचा, आणि तो संपला की तोच जुना प्रश्न. "समजलं ना?" मग खुर्ची सरकल्याचा आवाज. मला पिशवीत ओरडावंसं वाटायचं, अहो, थांबवा त्यांना! पण कापसाला कुठला आवाज?

आणि एके सकाळी व्हरांड्यातून ओळखीचा आवाज आला.

"सिस्टर, तो लांबोबा कुठे आहे?"

"कोण लांबोबा?" नव्या सिस्टर.

"अहो, आतडं. कापडी. एवढं जाड आणि इथपासून त्या जिन्यापर्यंत लांब. लवकर, ती मुलगी निघून जाईल."

दादा वर्षाच्या तपासणीसाठी आले होते. बाकावर त्यांच्या शेजारी वाचनालयात काम करणारी एक तरुणी बसली होती, नुकतीच चित्रफीत पाहून, मान डोलवून बाहेर आलेली. ती फोनवर आईला सांगत होती, "हो गं, रिपोर्ट एकदम स्वच्छ आला. हो, सुटले एकदाची त्या गोळ्यांतून." हे ऐकून दादा ताडकन उठले होते.

कपाट उघडलं. फायली बाजूला झाल्या. दादांनी मला पिशवीतून काढलं, झटकलं, उंदराची भोकं पाहून चक् चक् केलं आणि काखेत मारून व्हरांड्यात नेलं.

"काका, हे काय आहे?" ती मुलगी मागे सरकली.

"आतडं."

"कुणाचं?"

"सध्या तुझं. धर. बटणं काढ एकेक."

तिने फोन बाकावर ठेवला आणि वेड्याची समजूत काढावी तसं पहिलं बटण काढलं. "काही झालं?" "नाही." दुसरं. "काही झालं?" "नाही, काका." तिसऱ्यालाही नाही म्हणाली. चौथ्याला तिचा हात जरा थांबला. पाचव्याला मी उघडा पडलो. लाल अस्तर जुनं झालं होतं, पण लालच होतं. तिचा चेहरा उतरला.

दादांनी गोळ्यांची डबी उघडून तो तुकडा तिच्या हातावर ठेवला. "आजार यात आहे असं समजून मी हा सात महिने खिशात घेऊन फिरलो. तो पोटातच होता. थोडक्यात वाचलो."

"समजलं," ती हळूच म्हणाली आणि तिने मान डोलवली.

"अंहं. मान नको. मान मलाही डोलवता येत होती." त्यांनी बाकावरच्या फोनकडे बोट केलं. त्यातून बारीक आवाज येत होता, हॅलो, हॅलो. "आई आहे ना अजून? तिला सांग. तुझ्या शब्दांत."

तिने फोन कानाला लावला, खांद्याने दाबून धरला, कारण दोन्ही हातांत मी होतो. "आई, मगाशी मी चुकीचं बोलले. सुटले नाहीये. आत्ता बरी आहे ती गोळ्यांमुळेच बरी आहे. सोडल्या तर लगेच काही कळणार नाही, मला वाटेल सगळं छान आहे, आणि आतून... नाही गं, रडत नाहीये. घाबरूही नकोस. रोज घेतल्या की झालं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी एकही बंद करणार नाही. तू मला रोज विचार." बोलता बोलता तिची बोटं आपोआप माझी बटणं लावत होती. सातवं लागलं तेव्हा दादांनी हुश्श केलं.

नव्या सिस्टर दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून सुईदोरा आणला, उंदराची भोकं ठिगळं लावून बुजवली आणि दाराजवळ खुंटी ठोकून घेतली. ठिगळं वाकडी आहेत. मला ती फार आवडतात.

तर मित्रांनो, अशी माझी कहाणी. मी कापडाचा आहे, फाटलो तर मला ठिगळ लावता येतं. तुमच्या घरात कुणाचं असं दुखणं असेल तर त्याला हसू नका, त्याच्या ताटावरून बोलू नका, संडास अडवून बसू नका आणि बरा दिसतोय म्हणून त्याच्या गोळ्या विसरू देऊ नका. वाटलं तर मला खुंटीवरून काढा, धुवा, उन्हात घाला. पण कपाटात ठेवू नका, तिथून मला कुणाला अडवता येत नाही.

आणि एवढं सगळं सांगून झाल्यावर मी तुम्हाला "समजलं ना?" असं मुळीच विचारणार नाही. पाचवं बटण काढल्यावर काय झालं आणि पहिल्या तीन बटणांना काहीच का झालं नाही, ते आज घरी जाऊन कुणालातरी तुमच्या शब्दांत सांगा. अडखळलात तर परत या. मी खुंटीवर आहे.